पाण्याचा कल

३ फेब्रुवारी

दादा,

मायना लिहिताना तीन कागद फाडले. अकरा वर्षांनी सख्ख्या भावाला काय म्हणून हाक मारायची, हे शाळेतल्या पत्रलेखनात शिकवत नाहीत. शेवटी नुसतं 'दादा' ठेवलंय. पटलं नाही तर खोड आणि पुढचं वाच.

काम आहे म्हणून लिहितोय, खोटं कशाला सांगू? पत्ता आपल्या जुन्या शेजाऱ्यांकडून मिळाला. तू वरच्या कोरड्या पठारावर राहतोस, लोक लांबून तुला पाणी बघायला न्यायला येतात, असं ते म्हणाले. बरं वाटलं.

मी सध्या एका वसाहतीचं काम करतोय. बेचाळीस घरं आणि मधोमध साडेतीन एकरांचं तळं. घरं दुसऱ्याने बांधली. वाटा, झाडं, काठ, बाक, पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार, हे सगळं माझ्या नकाशातलं. प्रत्येक घरामागे तीन दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. 'प्रत्येक खिडकीत पाणी' असं बिल्डरने जाहिरातीत छापलंय. ते वाक्यही माझंच. तू हसशील. पाणाड्याचा एक मुलगा बापासारखा काठी घेऊन पाणी शोधत फिरतो आणि दुसरा खिडकीत मांडून ठेवतो.

तर झालंय असं. तळ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मी एकेक पितळी मोजपट्टी रोवली आहे. साचलेलं पाणी, त्यामुळे दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा. गेले तीन आठवडे पश्चिमेला चार सेंटिमीटर जास्त येतोय. आधी वाटलं वारा. मग वाटलं, पट्टी खचली असेल. यंत्र लावून तीनदा तपासलं. पट्ट्या जागच्या जागी आहेत. वाराही नाही. पाणीच तिरकं उभं आहे.

हे मी कुणाला सांगू? माझ्या धंद्यातला माणूस मला घरी बसवेल.

कल एकतीस नंबरच्या घराकडे आहे. तिथे एक माणूस, त्याची बायको आणि सतरा वर्षांची मुलगी राहतात. साधी माणसं आहेत. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अण्णा असल्या कशाबद्दल तुझ्याशी कधी बोलले होते का? माझ्याशी बोलायचे नाहीत. मी ऐकायचो नाही, हे तुला माहीत आहेच.

घरी सगळे ठीक.


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. तू अजून रागावलेला आहेस, किंवा टपाल अजून पोचलेलं नाही. मी दुसरं धरून चालतोय.

कल आता नऊ सेंटिमीटर झालाय. पश्चिमेच्या काठावरची लव्हाळी गळ्यापर्यंत बुडाली, पूर्वेला चिखल उघडा पडलाय आणि मी हाताने लावलेलं पाणकणीस पिवळं पडत चाललंय. लोक काही विचारत नाहीत. विचारायला हवं होतं. उलट पूर्वेकडच्या घरांनी पडदे ओढून घेतले आहेत, भर दुपारी. आठ नंबरमध्ये एक आजी राहतात. रोज पायरीवर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायच्या. परवा बघतो तर खुर्ची भिंतीकडे तोंड करून.

"आजी, असं का बसलात?"

"ते माझ्याकडे पाठ करून बसलंय," त्या म्हणाल्या. "मग मी पण."

मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही, कारण बघितलं तेव्हा खरंच तसं वाटलं.

मग काल माळीकाकांनी मला बाजूला बोलावलं. जुना माणूस, बोलायला कंजूष. म्हणाले, "साहेब, हे पाणी सकाळी आठला फाटकाकडे कलतं. चारला परत फिरतं. मी आठ दिवस बघतोय."

"आठला काय असतं?"

त्यांनी खुरपं पुसलं, पुन्हा पुसलं. "आठला तुमची मुलगी कॉलेजला जाते."

दादा, एकतीस नंबरात मीच राहतो. काम डोळ्यांखाली राहावं म्हणून बिल्डरने घर दिलंय. मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहवलं नाही. ती मुलगी म्हणजे आपली बारकी. नाव तूच ठेवलेलं. अजून तेच चालतं, अंगाने माझ्याहून उंच झाली तरी.

माळीकाकांचं बोलणं मी उडवून लावलं, पण रविवारी दुपारी बारकीला म्हणालो, घरात कोंदट वाटतंय, जरा पूर्वेच्या बाकावर जाऊन अभ्यास कर. ती पुस्तक घेऊन गेली. मी झाडामागे, रोवलेल्या पट्टीवर डोळा ठेवून उभा. स्वतःच्या मुलीवर असा पहारा करताना लाज वाटत होती.

वीस मिनिटं काही झालं नाही. मग पट्टीवरचा आकडा पाण्याखाली गेला. लाट नाही, तरंग नाही, आवाज नाही. उघडा पडलेला चिखल बोटा-बोटाने झाकत गेला. तळ्यातली सगळी बदकं वळली आणि तिच्याकडे तोंड करून थांबली.

बारकीने पान उलटलं. वर न बघताच म्हणाली, "बाबा, तुझं मोजून झालं का? माझे पाय ओले झालेत."

म्हणजे तिला ठाऊक होतं. "कधीपासून?" विचारलं तर म्हणाली, "पाऊस संपल्यावर, थंडी सुरू झाली तेव्हापासून. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

दादा, आता तरी उत्तर दे.


६ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि एकच ओळ निघाली. 'अण्णा गेले त्या सकाळी अंथरूण कोरडं होतं का?'

हे मी तेव्हाच सांगितलंय. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं, तो कागद तू पाहिलास. म्हातारा माणूस, थंडीचे दिवस. मी पोरीबद्दल विचारतोय आणि तू जुनं उकरतोस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर तू ओरडलास, की याने अण्णांना काम सोडायला लावलं आणि पाण्याने त्यांना गाठलं. आणि मी लोकांना म्हणालो, दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याच दुपारी तू पिशवी उचलून निघून गेलास.

काम सोडायला मी लावलं, हे खरं आहे. ते मी कधी नाकारलेलं नाही. माझं स्वतःचं ऑफिस नवीन होतं. माझ्या पाटीवर पदवी, आणि बाप अनवाणी, काठी धरून लोकांच्या शेतांतून फिरतोय. मी म्हणालो, "अण्णा, आता पुरे. लोक हसतात." ते म्हणाले, "बाळ, पाणी शोधायचं थांबवलं की पाणी आपल्याला शोधतं." मला वाटलं, रुसलेत. त्यांनी काठी माळ्यावर टाकली आणि पाच महिन्यांत गेले.

असो. मी इथे स्वस्थ बसलेलो नाही. तळ्याच्या मधोमध दगडी बांध घातला, म्हणजे अर्ध्यातलं पाणी अर्ध्यात राहील. आता दोन्ही अर्धी कलतात. मग बारकीला तिच्या मावशीकडे पाठवली. मोठं शहर, चौथा मजला, आसपास ओढा नाही की डबकं नाही. तीन दिवस तळं सपाट होतं. मी तीन दिवस नीट जेवलो.

चौथ्या दिवशी मावशीचा फोन. "अहो, पाहुणीच्या खोलीत भिंत पाझरतेय. प्लंबर म्हणतो, त्या भिंतीत नळच नाही."

"कुठली भिंत?"

"पलंगाच्या उशाची."

मी गाडी घेऊन गेलो आणि तिला आणलं. फाटकातून आत शिरलो तर तळ्याचं पाणी काठापर्यंत येऊन उभं होतं, घरचं माणूस यायचंय म्हणून दारात येऊन उभं राहावं तसं. बारकीने काच खाली केली आणि हळूच म्हणाली, "आले, आले."

मी तिला म्हणालो, "त्याच्याशी बोलू नकोस."

"न बोलून काय होणारे, बाबा? ते ऐकतंच."

काय करू ते लिही. अंथरुणाचं सोड.


१४ मार्च

दादा,

अंथरूण ओलं होतं.

आधी कालचं सांगतो. सकाळी सहाला हिने मला हलवून उठवलं. हिचा आवाज कधी चढत नाही. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढलेली बाई, काही बघून दचकत नाही. काल तिला नीट बोलता येईना. बारकीच्या खोलीत गेलो. पोरगी पलंगावर बसून खोकत होती. केस गळत होते. गादी पिळावी इतकी भिजलेली, आणि छत कोरडं, फरशी कोरडी, उशाची पाण्याची बाटली झाकणासकट भरलेली. ओठ निळे पडले होते. खोकता खोकता तिने ओंजळभर पाणी ओकलं, स्वच्छ, थंड. मग कुठे श्वास आला.

हिने त्या गादीतलं पाणी बाटलीत पिळून घेतलं आणि लॅबमध्ये नेलं. दुपारी आली ती चप्पल न काढता माझ्यासमोर बसली.

"तळ्याचं पाणी आहे. तेच शेवाळ, तेच किडे. माझी मुलगी बंद खोलीत तळ्याच्या पाण्यात बुडत होती." मग म्हणाली, "तुमच्या अण्णांचं असंच झालं होतं ना? आता मात्र खरं बोला."

तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो.

त्या सकाळी मी तुला हाक मारली सात वाजता. अण्णांच्या खोलीत मी गेलो होतो सहाला. ते उताणे पडले होते, डोळे उघडे, तोंड काठोकाठ पाण्याने भरलेलं. ओठांच्या कडेपर्यंत, भरलेल्या वाटीसारखं, आणि हलत नव्हतं. अंथरुणाखाली थारोळं होतं. मी त्यांना कुशीवर वळवलं, पाणी वाहून गेलं. टॉवेलने केस कोरडे केले, भांग पाडला, कोरडा सदरा घातला. गादी उलटी केली. चादर बदलली. फरशी पुसली. फडकी मागच्या अंगणात पुरली. एवढं सगळं करायला एक तास लागला आणि त्या तासात मी एकदाही रडलो नाही. मग तुला हाक मारली.

लोक हसतील म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच आहे. अंथरूण ओलं निघालं असतं तर अण्णा खरं बोलत होते असं ठरलं असतं, आणि त्यांना थांबवणारा मी होतो. तू अंगणात ओरडलास तेव्हा त्या अख्ख्या गर्दीत तुझं म्हणणं खरं आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. आणि मीच तुला वेडा म्हणालो. अकरा वर्षं लोक तुला वेडा म्हणतात, ते माझ्या तोंडचं.

क्षमा मागत नाही. ती मागायची वेळ त्या सकाळी सात वाजता होती.

पोरीला वाचव.


२२ मार्च

दादा,

'पाठव.' एवढंच लिहिलंस. ठीक आहे.

मी एक दिवस आडून बसलो, तेही कळवतो. म्हणालो, अजून एखादा उपाय बघू. तळंच रिकामं करून टाकू. ही म्हणाली, "तळं रिकामं करा. मग नळाचं येईल. मग हवेतलं येईल. तुम्ही कुठवर पुसत बसणार?" आणि तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

बारकी शांत आहे. गेले आठ दिवस आम्ही तिला बसवूनच झोपवतोय, आळीपाळीने जागून, जरा वेळाने हाका मारत. ओ दिली की पाणी थबकतं, हे ध्यानात आलंय. तिने मला विचारलं, "काका रागीट आहेत का?" मी म्हणालो, "माझ्यावर. तुझ्यावर नसेल."

आता हे नीट वाच. ती सकाळी उठल्या उठल्या खात नाही, दहाला एकदम भूक लागते, तेव्हा हाताशी काहीतरी असू दे. रागावली की गप्प होते. आपण आधी बोलायचं नाही, दोन तासांत तीच येते. चष्मा कुठेही विसरते. गणित उत्तम आहे. पाणी शोधताना पावलं हिशोबाने टाकायला शिकवलंस तर लवकर शिकेल. उन्हात नाकातून रक्त येतं, घाबरू नकोस. तिला अनवाणी चालायची सवय नाही. हळूहळू कर.

गुरुवारच्या बसने निघेल. एकटी येईन म्हणते. मी थांब्यापर्यंत जाईन.


९ मे

दादा,

तळं सपाट आहे. दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा. आठ नंबरच्या आजींची खुर्ची पुन्हा पाण्याकडे वळलीय. पडदे उघडलेत. बिल्डर खूश आहे. शेजारच्या जमिनीवर दुसरं तळं करू म्हणतो, याच्या दुप्पट. मी अजून हो-नाही केलेलं नाही.

बारकी रविवारी तिथल्या दुकानातून फोन करते. एका शाळेसाठी तिने जागा दाखवली, चाळीस फुटांवर पाणी लागलं, हे मला तिने तीनदा सांगितलं. आवाज घोगरा झालाय. रात्रभर कोरडी झोप लागते म्हणाली. ते ऐकून ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता ती 'काका म्हणतात' या शब्दांनी वाक्य सुरू करते. पूर्वी 'बाबा म्हणतो' असायचं. जळतो मी थोडा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आपलं लपवणं संपलंय.

पुढच्या महिन्यात येऊन भेटू का? दोन दिवस फक्त.


२० जून

दादा,

कालच परत आलो आणि पंखासुद्धा न लावता लिहायला बसलोय.

तू मला मिठी मारलीस, जेवायला वाढलंस, जुन्या गोष्टींचा शब्द काढला नाहीस. उपकार झाले. पण माझे डोळे धंद्याचे आहेत. ओल कुठे आहे हे बघायची त्यांना सवय आहे.

बारकी रानात पुढे चालत होती, मागे गावातली दहा-बारा माणसं. आणि तू घरी, खाटेवर. मी विचारलं, "तू नाही जात?" तू म्हणालास, "तिला एकटीला जमतं आता." तुझ्या सदऱ्याची कॉलर ओली होती. "घाम," म्हणालास. त्या पठारावर, दादा, ओला रुमाल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. तुझ्या खोलीच्या भिंती गुडघ्यापर्यंत काळ्या पडल्यात. खाटेचे चारही पाय फुगलेत. गावातलं सगळं तडकलेलं आहे आणि तुझ्या खाटेखाली शेवाळ धरलंय.

थांब्यावर सोडायला आली तेव्हा बारकीला विचारलं. आधी गप्प बसली. मीही बोललो नाही. बस दिसायला लागली तेव्हा बोलली.

"काकांचे गुडघे गेले. पाऊस संपल्यावर त्यांनी चालणं सोडलं. पाणी शोधायचं हे देणं घराण्यात एका वेळी एकालाच येतं, बाबा. त्यांनी सोडलं म्हणून ते माझ्याकडे आलं."

"आणि काकांचं काय?"

"जो थांबतो त्याला ते शोधतं. मी रोज जमेल तितकं लांब पाणी काढते. जेवढं काढीन तेवढं त्यांच्याकडे कमी येतं. पण माझे पाय दोनच आहेत."

म्हणजे माझं पहिलं पत्र आलं तेव्हाच तुला सगळं माहीत होतं. मी चार सेंटिमीटरचं रडगाणं लिहीत होतो आणि तू ओल्या अंथरुणावर बसून ते वाचत होतास. एका शब्दाने कळवलं नाहीस. पोरीला घेतलंस, शिकवलंस, आणि ती सुटली.

आता माझं ऐक. मला पाणी शोधता येत नाही. ते माझ्या वाट्याला आलं नाही. पण पाणी एका जागेतून काढून दुसरीकडे कसं न्यायचं, हे मी तीस वर्षं केलंय. तुझं घर उतारावर आहे. खोलीभोवती कमरेइतका खोल चर खणायचा, खाली दगड, वर वाळू, आणि उताराने तो शाळेच्या बागेत सोडायचा. खाटेखालची जमीन हातभर उचलायची. किती दिवस पुरेल ते मी सांगू शकत नाही. नाही पुरलं तर आणखी खोल खणू. तुझ्याकडे येणारं पाणी तुझ्यापाशी थांबू द्यायचं नाही, एवढंच काम आहे. आणि ते मला येतं.

बिल्डरला 'नाही' कळवलं. तो म्हणाला, "एवढं मोठं तळं सोडून कुठे निघालात?" मी म्हणालो, "भावाच्या घरी ओल आलीय." तो म्हणाला, "एवढ्यासाठी?" ही शेजारीच उभी होती. म्हणाली, "एवढ्यासाठीच," आणि फावड्याचा दांडा बॅगेत मावत नाही म्हणून गोणपाटात बांधायला घेतला. लॅबमधली रजा मिळाली की तीही येणार आहे.

सोमवारच्या बसने निघतोय. तू मला 'ये' म्हणालेला नाहीस, माझ्या लक्षात आहे. 'नको' असं कार्ड टाकू नकोस, ते पोचेपर्यंत मी तुझ्या दारात असेन.

तोवर आडवा होऊन झोपू नकोस. भिंतीला टेकून बस. बारकीला सांगून ठेवलंय, ती जरा जरा वेळाने तुला हाक मारेल. वैतागू नकोस तिच्यावर. हाक आली की ओ देत जा.